छत्रीवाला मागेच उभा आहे

वज्रचौकडीने एकवीस वर्षांत शहर अडीचशे वेळा वाचवलं. ते शहर बाईंनी काढलेलं होतं.

चौकडीतला एक उडायचा, दुसरा लोखंड वाकवायचा, तिसरीला भिंतीपलीकडचं दिसायचं आणि चौथी अकरा सेकंदांपुरता काळ थांबवायची. या चौघांना मोठे चित्रकार काढत. उडण्याआधी ज्या गच्चीवर उभं राहायचं ती गच्ची, वाकवायच्या लोखंडाचा पूल, जिच्या पलीकडचं दिसायचं ती भिंत आणि अकरा सेकंद तोंड उघडं टाकून थांबलेली माणसं हे सगळं बाईंच्या वाट्याला. कॉमिकच्या कचेरीत या सगळ्या पसाऱ्याला एकच शब्द होता: मागचं. "मागचं झालं का?" "मागचं अजून ओलं आहे, हात लावू नका." त्यावरून बाईंचं नाव मागच्या बाई असं पडलं. पुढच्या बाई कोण, असं कोणी कधी विचारलं नाही.

बाई मूळच्या नकाशांच्या. एका बांधकाम ठेकेदाराकडे त्या घरांचे आराखडे काढत, आणि त्यांच्या हातून खिडकी कधी तिरकी आली नाही. कॉमिकच्या जुन्या संपादकांनी त्यांची परीक्षा घेतली तेव्हा 'एक रस्ता काढा' एवढंच सांगितलं. बाईंनी दोन तास खपून रस्ता काढला. गटाराची झाकणंसुद्धा मापात. संपादकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"माणसं कुठायत?"

"नकाशात माणसं नसतात."

"इथे लागतात हो. इमारत पडताना कोणीतरी ओरडायला नको?"

अशा रीतीने बाईंच्या आयुष्यात माणसं आली. पहिले काही महिने त्यांनी ती मनाने काढली, आणि ती सगळी त्यांच्या नणंदेसारखी दिसली. एका अंकात तर भूकंपाच्या वेळी सतरा नणंदा एकदम रस्त्यावर धावत सुटल्या. नणंदेने तो अंक पाहिला, पण तिला काही संशय आला नाही. ती चौकडीच पाहत होती. तेव्हा बाईंनी आपल्या गल्लीतली, बसथांब्यावरची, दवाखान्यात रांगेला बसलेली माणसं बघून ठेवली आणि तीच ती वापरायला सुरुवात केली. यात कलेचा भाग थोडा आणि आळसाचा फार होता. नवा चेहरा काढायला नऊ मिनिटं लागत, ओळखीचा तीन मिनिटांत होई.

पण माणूस रोज भेटला की त्याचं काहीतरी होत जातंच. ऊन असो पाऊस असो, हातात छत्री घेऊन फिरणारा एक सडपातळ गृहस्थ सातव्या अंकात बसथांब्यावर उभा राहिला. एकेचाळिसाव्या अंकात त्याच थांब्यावर त्याच्याशेजारी जाड चष्म्याची एक बाई आली. पुढे सत्तावन्न अंक दोघं नुसतीच उभी होती, कारण बाईंनाही घाई नव्हती. अठ्ठ्याण्णवव्या अंकात बँकेला भीषण आग लागली, चौकडीने जिवाची बाजी लावली आणि पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, छत्रीवाल्याचं आणि चष्मेवालीचं लग्न झालं. दोघांनी नवे कपडे घातले होते. आगीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पावाच्या दुकानातला जाड्या हळूहळू म्हातारा झाला. जुळ्या आज्यांपैकी एकीने काठी घेतली, मग दुसरीनेही घेतली, कारण ती मागे राहणाऱ्यातली नव्हती. अशी सगळी मिळून त्रेसष्ट माणसं होती. शहराची लोकसंख्या कथेत चाळीस लाख सांगितली जाई. उरलेले घरातच असावेत.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस जगात एकच, बाईंचा नवरा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. अंक हातात आला की तो डोळ्याला भिंग लावून कोपरे आधी बघायचा. नणंद मात्र दर वेळी विचारायची, "यात तू काढलेलं कुठलं?"

"त्याच्या कोपरामागची खिडकी."

"एवढीच?"

"खिडकीत एक बाई पण आहे."

"मला नाही दिसत."

"ती आत्ताच आत गेली, वन्सं."

मग कचेरीत नवे संपादक आले. ते आधी बिस्किटांच्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी बिस्किटाची एक बाजू नक्षीशिवाय ठेवून मोठं नाव कमावलं होतं. त्यांनी महिनाभर सगळ्यांचं काम घड्याळ लावून पाहिलं आणि बैठक बोलावली. चौकडी काढायला चार दिवस लागतात, मागचं काढायला अकरा. वाचक अंक घेतो तो कोणासाठी? चौकडीसाठी. तेव्हा गर्दी कमी करायची.

"एकदम रस्ता ओस पडला तर वाचक विचारतील," लेखक म्हणाला. हा एक भित्रा, हुशार माणूस होता, आणि लेखकाला हे दोन्ही गुण उपयोगी पडतात. "कथेत काहीतरी कारण द्यावं लागेल."

कारण त्याने दोन दिवसांत आणलं. शहरातून माणसं गूढरीत्या गायब होऊ लागतात. आज चार, उद्या सात. चौकडी तपासाला लागते. सहा भागांत कथा पुरी, आणि सहाव्या भागाअखेर रस्ता स्वच्छ. माणसं पळवणारा खलनायक म्हणजे एक काळा झगा, जो काढायला दीड मिनिट पुरे. वज्रचौकडीच्या सगळ्यांत गूढ शत्रूच्या मुळाशी एवढीच काटकसर होती. सहाव्या भागानंतर बाईही मोकळ्या होणार होत्या. 'मोकळ्या' हा शब्द संपादकांचा. बैठकीत तो असा उच्चारला गेला की बाई जणू इतकी वर्षं डांबून ठेवलेल्या होत्या.

बाई "बरं" म्हणाल्या. एकवीस वर्षं प्रत्येक बैठकीत त्या एवढंच बोलत आल्या होत्या.

पहिल्या भागाची संहिता आली. चौथ्या पानावर ओळ होती: 'चार माणसं गायब होतात.' कोणती, ते लिहिलेलं नव्हतं. लेखकाला ती माहीतच नव्हती. तेव्हा निवड बाईंनाच करावी लागली. त्यांनी पेन्सिल हातात धरून अर्धा दिवस घालवला आणि कचेरीत त्या आजारी असल्याची बातमी पसरली. शेवटी त्यांनी चार माणसं काढून टाकली, पण प्रत्येकाच्या जागी काहीतरी ठेवलं. पावाच्या दुकानाची फळी अर्धवट बंद, जुळ्या आज्यांच्या दोन काठ्या एकीवर एक पडलेल्या, आणि रस्त्याच्या मधोमध, उघडी, उलटी पडलेली छत्री.

नवऱ्याने भिंग लावून पान पाहिलं. "छत्री आहे. माणूस कुठाय?"

"गायब झाला."

"कोणी केला?"

"मीच."

नवऱ्याने भिंग छत्रीवरून चष्मेवालीकडे सरकवलं. "आणि ती?"

"पुढच्या भागात."

"तिने काय घोडं मारलं होतं?" असं म्हणून त्याने भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

आता जी चूक झाली ती समजायला या कचेरीची रीत माहीत हवी. इथे पानं क्रमाने काढत नसत. मोठ्या चित्रकारांना मारामारी आवडे, आणि मारामारी अंकाच्या शेवटी असते, म्हणून ते शेवटाकडून सुरुवात करत. एकोणिसावं पान बाईंच्या टेबलावर मंगळवारी आलं, चौथं पुढच्या सोमवारी. शिवाय बोलण्याचे फुगे सगळ्यांत शेवटी चिकटवले जात, त्यामुळे कोण काय बोलतंय हे चित्र काढणाऱ्याला कळत नसे. एकोणिसाव्या पानावर भिंतीपलीकडचं बघणारी समोर तोंड करून उभी होती. तिच्यामागे बाईंनी थोडी माणसं काढली. त्यात हाताच्या सवयीने छत्रीवालाही आला. सहा दिवसांनी बाईंनी त्यालाच चौथ्या पानावर गायब केलं. नंतर कोणीतरी एकोणिसाव्या पानावर फुगा चिकटवला: 'गायब झालेल्यांचा कुठेच मागमूस नाही!'

मागचं कोणी तपासत नसे, त्यामुळे अंक तसाच छापून गेला. भिंतीपलीकडचं दिसणारी बाई सांगतेय की मागमूस नाही, आणि तिच्या पाठीशी हातभर अंतरावर छत्रीवाला मिटलेली छत्री घेऊन शांतपणे उभा आहे.

एरवी कचेरीत महिन्याला तीसेक पत्रं येत. बहुतेकांचा विषय उडायला कसं शिकावं हा असे. त्या महिन्यात चारशे बारा आली. 'ताईंना सांगा, मागे वळून बघा.' 'तो छत्रीवाला काका गायब नाही झाला, मागेच उभा आहे, तुम्ही आंधळे आहात का?' 'आमची आजी म्हणते तो बायकोसाठी थांबलाय. तिला नेऊ नका.' एका मालट्रकच्या ड्रायव्हरने लिहिलं होतं: 'मी चौकडीचं वाचत नाही, ते जिंकणारच. मी पहिल्यापासून त्या माणसाला बघतो. त्याचं काय झालं ते कळवा.'

संपादकांनी बाईंना बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग होता आणि बाजूला लेखक कागद हातात घेऊन उभा होता.

"हा कोण?" संपादकांनी एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"छत्रीवाला."

"म्हणजे कोण?"

"सातव्या अंकापासून आहे."

संपादकांनी लेखकाकडे पाहिलं. लेखकाने मान हलवली. या माणसाला तोही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता.

"काही हरकत नाही," लेखक म्हणाला, "पुढच्या भागात सांगू की तो भास होता."

"भास नव्हता," बाई म्हणाल्या. चूक झाल्याची लाज त्यांना सकाळपासून खात होती. ढिगातलं वरचं पत्र वाचल्यापासून मात्र त्यांचा आवाज वेगळा येत होता. "माझी चूक होती. माणूस खरा आहे. शेवटच्या भागात ही सगळी परत येणार ना?"

लेखकाने घसा साफ केला. "ती दुसऱ्या मितीत आहेत. तिथे सुखात आहेत. चौकडी त्यांना तिथेच राहू देते. शेवट जरा हळवा आहे."

"सुखात आहेत हे कोण बघून आलं?"

या प्रश्नावर संहितेत काही सोय नव्हती. बाईंनी पत्रांचा ढीग उचलला, पदराने पुसून पिशवीत घातला आणि त्या निघाल्या. संपादकांना वाटलं, त्या टेबल आवरून देतायत.

बाईंनी चारशे बारा पोस्टकार्डं आणली. सलग पाच रविवार सकाळी घरात कारखाना चालला. बाई लिहीत, नवरा पत्ते घाली, नणंद तिकिटं चिकटवी. मजकूर एकच होता: 'सगळे परत येतील. सहाव्या भागात. हवं तर मोजून घ्या.' खाली सही: मागचं काढणारी.

"कचेरीला विचारलंस का?" नवऱ्याने पहिल्या रविवारी विचारलं.

"नाही."

"मग शाई जरा गडद वापर," तो म्हणाला. "पुसट अक्षरात धमकी शोभत नाही."

नणंद तिकीट ओलं करता करता थांबली. "आणि ती खिडकीतली? ती पण येणार का?"

"ती कुठे गेलीच नव्हती."

"मला काय ठाऊक! मला ती कधी दिसलीच नाही. पण यायला हवी म्हणजे हवी."

मधल्या भागांत रस्ता ओस होत गेला. संहितेत सांगितली तेवढी सगळी माणसं बाईंनी नेली, चष्मेवालीलाही नेलं, आणि प्रत्येकाच्या जागी काहीतरी ठेवलं. पाचव्या भागापर्यंत शहरात नुसत्या वस्तू उरल्या आणि चौकडी त्यांतून तपास करत फिरत होती. एकदाही कोणी वाकून काठी उचलली नाही. काठ्या संहितेत नव्हत्या.

पोस्टकार्डांची भानगड पाचव्या भागानंतर उघडकीला आली. वाचकांची दुसरी पत्रं येऊ लागली: 'सहाव्या भागाची वाट बघतोय. मोजणार.' संपादकांनी बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी दार लावून घेतलं.

"कोणाच्या परवानगीने तुम्ही हे लिहिलंत?"

"पत्रं माझ्या माणसांबद्दल होती."

"तुमची माणसं? बाई, ती आमच्या कागदावर आहेत."

"कागद तुमचा, शाई पण तुमची. माणसं मी आणली. तुम्हाला ती चार महिन्यांपूर्वी दिसली."

संपादक बिस्किटांच्या धंद्यात मुरलेले होते. कुठे नमतं घ्यायचं ते त्यांना कळत होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. पत्रं कोणाबद्दल आहेत? त्या एका छत्रीवाल्याबद्दल. मग एकटा तो परत येऊ दे. एक चौकट देतो. आणि पहिल्या पानावर, लेखकाच्या आणि मोठ्या चित्रकारांच्या खाली, तुमचं नाव छापतो. एकवीस वर्षं छापलं नाही, ही आमची चूकच झाली."

पहिलं पान बाईंनी अडीचशे वेळा पाहिलं होतं. मोठ्या चित्रकारांच्या नावाखाली किती जागा मोकळी असते हे त्यांना मापासकट ठाऊक होतं. एक ओळ सहज बसली असती. नणंदेला मग कोपरामागची खिडकी शोधावी लागली नसती. नवऱ्याला भिंगही लागलं नसतं.

"आणि त्याची बायको?" त्यांनी विचारलं.

"कोणाची?"

"छत्रीवाल्याची."

"तो विवाहित आहे?" संपादकांना खरोखरच धक्का बसला.

"अठ्ठ्याण्णवव्या अंकापासून. तो एकटा येऊन करणार काय? थांब्यावर उभा राहून तिकडे दुसऱ्या मितीकडे बघत बसणार? नाव राहू द्या. एकवीस वर्षं अडलं नाही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट येतील, नाहीतर एकही नको. मग चारशे बारा जणांना तुम्ही कळवा, तुमच्या सहीने. पोस्टकार्डं मी आणून देते."

"संहिता बदलणार नाही," संपादक म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' ऐकून संपादकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटच्या भागाची पानं नेहमीप्रमाणे मागून पुढे आली. शेवटच्या दोन पानांवर पसरणारं जोडपान मात्र येईना. तिसऱ्या दिवशी मोठे चित्रकार स्वतः बाईंच्या टेबलाशी आले. एकवीस वर्षांत ते या खोलीत दुसऱ्यांदा येत होते. पहिल्यांदा खोली चुकली होती. त्यांच्या हातात जोडपानाचा मोठा कागद होता आणि तो कोरा होता.

"इथे माणसं दुसऱ्या मितीत सुखात आहेत असं काढायचंय," ते म्हणाले. "मला सुख काढता येत नाही. मला मारामारी येते."

"मग?"

"तुम्ही आधी काढा. उरलेल्या जागेत मी माझे चौघे बसवतो."

बाईंनी चार दिवस कोणाशी बोलणं ठेवलं नाही. आधी रस्ता आखला, मग पदपथ, मग दुकानांच्या फळ्या, आणि मग माणसं यायला लागली. तांदळाच्या दाण्याएवढे चेहरे त्यांनी या वेळी बोराएवढे काढले, कारण जागा होती आणि रागही होता. जुळ्या आज्या आपापली काठी ओळखण्यावरून भांडत होत्या. पाववाला फळी उघडताना कमरेला हात लावून उभा होता. छत्रीवाला छत्री झटकत होता, चष्मेवाली ती त्याच्या हातातून काढून घेत होती, कारण त्याला ती कधीच नीट मिटता आली नव्हती. सुख असं काही बाईंनीही काढलं नाही. सगळे जरा वैतागलेले आणि घाईत होते. काम खोळंबलेल्या माणसासारखे.

पाचव्या दिवशी मोठे चित्रकार आले. त्यांनी पान सगळीकडून पाहिलं. उजव्या कडेला दिव्याच्या खांबापाशी थोडी फट होती. तिथे त्यांनी काळ थांबवणारीचा अर्धा खांदा काढला.

"बाकी तिघं?" बाईंनी विचारलं.

"असतील मागे कुठेतरी," ते म्हणाले, आणि सही करून गेले.

संपादकांनी ते पान दुपारभर समोर ठेवलं होतं. दोन शिपाई, हिशेबनीस आणि लेखक आळीपाळीने येऊन ते बघून गेले, आणि प्रत्येकाने कोणाला ना कोणाला ओळखलं. हिशेबनिसांचं म्हणणं, दवाखान्याच्या दारातला माणूस म्हणजे तेच. ते होतेच. एकशे सोळाव्या अंकात बाईंनी त्यांना रांगेत उभं केलं होतं. संपादकांनी मोजायला सुरुवात केली. त्रेसष्ट भरली. मग त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की पान छापायला जाईल, फुगे लेखक बदलेल. नाव मात्र जाणार नाही.

"ठरलंच होतं," बाई म्हणाल्या.

"एक सांगा. माणसं परत आली. आता पुढच्या अंकात रस्त्यावर गर्दी असणार. ती काढणार कोण?"

"ते तुम्ही ठरवायचं. पुन्हा घालवायची असतील तर चौकडीला सांगा. पण चौकडीने आत्ताच त्यांना सोडवलंय. महिन्याभरात पुन्हा हरवली तर लोक चौकडीलाच हसतील."

संपादकांनी लेखकाला हाक मारली. दोघं बराच वेळ दार लावून बसले. बाईंना मोकळं करण्याविषयी त्यानंतर कोणी काही बोललं नाही. बोलायचं राहून गेलं की ठरवून टाळलं, हे बाईंनी विचारलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन बसल्या.

आठवड्याने लेखक नव्या कथेची संहिता घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी तोड सापडल्याचं समाधान होतं. या खेपेला चौकडीला त्याने समुद्रावर पाठवलं होतं. सहा भाग, चहूकडे पाणी, जमीन दृष्टीस पडत नाही. रस्ता नाही, बसथांबा नाही, एक दुकान नाही.

बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"जहाज केवढं आहे?"

"प्रचंड. तीन मजली."

"चालवतं कोण?"

लेखकाने पानाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"चौकडीतल्या कोणाला जहाज येतं का?" बाईंनी विचारलं. "उडणारा येऊन सुकाणू धरणार? इंजिनात कोण आहे? एवढ्या लोकांचा स्वयंपाक? सहा भाग काय पाण्यावर जगणार?"

"किती लागतील?" लेखकाने हळूच विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "तीन मजले म्हणालात ना?"